पडद्याला झुकते माप

लिनक्सच्या पडद्यावर खिडक्या मांडणारा आणि माउस-कीबोर्डची हालचाल योग्य प्रोग्रॅमपर्यंत पोचवणारा प्रोग्रॅम म्हणजे डिस्प्ले सर्व्हर. १९८४ साली एमआयटीत सुरू झालेला एक्स हा त्यातला सर्वांत परिचित. लिनक्सच्या गाभ्याच्या, म्हणजे कर्नलच्या, लेखी मात्र तो इतर अनेक प्रोसेसपैकीच, म्हणजे चालू प्रोग्रॅमपैकीच, एक. एखादा मोठा प्रोग्रॅम कंपाइल करायला लावला, की प्रोसेसरसाठी ओढाताण होते आणि माउसचा बाण अडखळू लागतो.

यावर जुना उतारा म्हणजे नाइस मूल्य. ते उणे २० ते १९ या पट्ट्यात असते. एरवी ० असते. नाइस म्हणजे इथे भिडस्त. आकडा जितका मोठा, तितकी ती प्रोसेस इतरांना पुढे जाऊ देते. आकडा वाढला की प्राधान्य घटते, आणि नवखे नेमके इथेच फसतात. चालू प्रोसेसचे मूल्य 'रीनाइस' या आज्ञेने बदलते. भिडस्तपणा वाढवायला कुणाची ना नसते. कमी करायला सहसा रूटचा, म्हणजे प्रशासकाचा, अधिकार लागतो.

कर्नल २.४ च्या काळात डेबियन या लिनक्स-वितरणावर एक्स उणे १० वर चालवण्याची रीत होती. डिसेंबर २००३ मध्ये आलेल्या २.६ चा शेड्युलर, म्हणजे प्रोसेसरचा वेळ वाटणारा भाग, मात्र वापरणाऱ्याशी संवाद साधणाऱ्या प्रोसेस स्वतःच हेरू लागला. त्यावर उणे १० ची भर पडली की एक्स शिरजोर होई: बाण सुळकन फिरे, पण गाणे तुटक वाजे. मग एक्सला पुन्हा ० वर आणा, असा सल्ला दिला जाऊ लागला.

२००७ पासून शेड्युलरचा हिशेब वजनांवर चालतो. नाइस ० चे वजन १०२४, उणे १० चे ९५४८, तर १९ चे अवघे १५. एकाच कोअरवर दोन्ही ० वर असलेल्या प्रोसेस झगडल्या तर वाटणी निम्मी-निम्मी. कंपाइलरला १९ वर टाकले तर त्याच्या वाट्याला जेमतेम दीड टक्का उरतो. म्हणून एक्सला चढवण्यापेक्षा अवजड कामाला खाली बसवणे बरे. त्याला रूटही लागत नाही.

२०११ च्या २.६.३८ पासून यात एक मेख आहे. ऑटोग्रुप ही कर्नलमधली सोय चालू असेल तर प्रत्येक सेशनचा वेगळा गट पडतो, आणि नाइस त्या गटापुरतेच चालते. टर्मिनलमधल्या कंपाइलरला कितीही भिडस्त केले, तरी एक्सला फरक पडत नाही. तिथे प्रॉक फाइलप्रणालीतून गटाचेच मूल्य बदलावे लागते.

एक्सला पर्याय असलेल्या वेलँडमध्ये कंपॉझिटर, म्हणजे खिडक्या जुळवून पडद्यावरचे चित्र उभे करणारा प्रोग्रॅम, हाच डिस्प्ले सर्व्हर असतो. केडीई या डेस्कटॉपचा कंपॉझिटर केविन तर नाइसच्या भानगडीत न पडता थेट साध्या प्रोसेसच्या आधी चालणाऱ्या रिअल-टाइम वर्गात जागा मागतो.