पत्र्याच्या घराला वेलीची सावली

तळोद्यात पाऊस ओसरला की ऑक्टोबरात ऊन पुन्हा तापते. पश्चिमेची भिंत संध्याकाळी हात लावू देत नाही. पत्र्याच्या घरात राहणाऱ्या मायबहिणींना हे वेगळे सांगायला नको. कूलर घ्यायचा तर पैसा आणि वीजबिल दोन्ही आले. पण चिमूटभर बी, चार सुतळ्या आणि भिंतीलगत वीतभर माती असली, तरी त्या भिंतीवर सावली धरता येते. वर फुले मिळतात ती वेगळीच.

यासाठी एका हंगामात वाढून फुलणाऱ्या वेली बऱ्या. दाट सावली हवी तर निळ्या फुलांची मॉर्निंग ग्लोरी लावा. ती सकाळी उमलते आणि ऊन चढले की मिटते. गणेशवेलीची पाने शेपूसारखी बारीक, फुले लाल चांदणीसारखी. गोकर्ण खरे तर पुढच्या वर्षीही टिकते, पण पेरल्या वर्षीच फुलते.

पुष्कळ जणी म्हणतात, "बी पेरले, पण उगवलेच नाही." बहुतेक वेळा दोष बियांचा नसतो. त्यांचे कवच इतके कठीण असते की पाणी आत शिरत नाही. म्हणून प्रत्येक बी खरखरीत दगडावर एका बाजूने हलके घासा. डोळ्याची बाजू मात्र सोडा. मग रात्रभर कोमट पाण्यात भिजवा. सकाळी जे फुगले ते पेरा, जे तसेच राहिले ते पुन्हा घासून भिजवा.

पेरणी जूनमध्ये, पहिला चांगला पाऊस झाल्यावर करावी. बी अर्धा इंच खोल आणि जागेवरच पेरावे, कारण उपटून लावलेले रोप मान टाकते. जमीन नसेल तर तळाला भोके पाडलेला जुना डबा चालतो. सुतळी भिंतीपासून वीतभर दूर ताणा. तापलेल्या पत्र्याला टेकले तर कोवळे शेंडे करपतात. शिवाय मधून वारा खेळतो.

ऑगस्टमध्ये नुसता पालाच दिसला तर घाबरून युरिया घालू नका. खत जास्त झाले की पाला माजतो आणि फुले कमी येतात. मॉर्निंग ग्लोरी व गणेशवेल दिवस लहान होऊ लागल्यावरच भरात येतात.

एक काळजी घ्या. हे बी पोटात गेले तर उलट्या-जुलाब होतात. लहान मुलांच्या हाती देऊ नका. या वेली फोफावतात, म्हणून वाळलेले वेल शेताच्या बांधावर टाकू नका.

बोंडे आणि शेंगा तपकिरी झाल्या की फुटण्याआधी काढा, सावलीत वाळवा, कागदाच्या पुडीत बांधा. पुडीवर नाव आणि वर्ष घरातल्या शाळकरी मुलीकडून लिहून घ्या. पुढच्या जूनला बी विकत घ्यावे लागणार नाही, आणि एक पुडी शेजारणीलाही देता येईल.