धातू पोटात जातो, अडतो कुठे?

अल्युमिनियमच्या कढईतली भाजी वर्षानुवर्षे खाल्ली तर अल्झायमर होतो का, ही धास्ती आज अनेक घरांत आहे आणि ती सहज झटकता येत नाही. चंडीगडच्या पीजीआयमधील जीवरसायनशास्त्राच्या अभ्यासकांनी उंदरांना बारा आठवडे रोज, किलोमागे १० मिलिग्रॅम अल्युमिनियम लॅक्टेट पाजले. मेंदूच्या पेशींना ऊर्जा पुरवणाऱ्या मायटोकॉन्ड्रियाचे काम त्यामुळे बिघडले. म्हणजे या धातूत अपायाची ताकद आहे. पण साठ किलोच्या माणसाला हेच माप लावले तर रोज ६०० मिलिग्रॅम लॅक्टेट होईल. जेवणातून जाणारे अल्युमिनियम त्या मानाने फार थोडे, त्यातलेही एक टक्क्याहून कमी रक्तात उतरते आणि मूत्रपिंडे ते बाहेर टाकतात. म्हणून धातू पोटात किती गेला यापेक्षा शरीराला तो काढून टाकता येतो का, हे मला जास्त महत्त्वाचे वाटते.

१९७०च्या दशकात डायलिसिसवरच्या काही रुग्णांची वाचा अडखळू लागली, झटके येऊ लागले, स्मृती ढासळली. अमेरिकेतील आल्फ्री आणि सहकाऱ्यांनी १९७६ साली त्यांच्या मेंदूत अल्युमिनियम साठल्याचे दाखवले. मूत्रपिंडे निकामी, त्यात डायलिसिसच्या पाण्यातला धातू आतड्याची चाळण टाळून थेट रक्तात. पाणी शुद्ध करून वापरू लागल्यावर हा आजार दुर्मीळ झाला. पुण्यात तांब्याचा धडा मिळाला. केईएम रुग्णालयातील शीला भावे आणि आनंद पंडित यांनी ब्रिटनच्या टॅनर यांच्यासह १९८३ साली तान्ह्या मुलांच्या यकृताच्या जीवघेण्या आजाराचा संबंध तांब्या-पितळेच्या भांड्यांतल्या दुधाशी जोडला. भांड्याला कल्हई नसेल तर तापवून ठेवलेल्या दुधात तांबे उतरते आणि केसीन हे प्रथिन त्याला धरून ठेवते. त्याच घरातली मोठी माणसे मात्र धडधाकट राहत, कारण त्यांचे यकृत तांबे पित्तावाटे टाकू शकते. हा आजार यकृताचा, मेंदूचा नव्हे. पण वाट बंद असली की काय होते ते त्यातून कळते.

यावर कोणी म्हणेल, अल्झायमरच्या काही रुग्णांच्या मेंदूत अल्युमिनियम सापडले आहे, त्याचे काय? सापडले हे खरे, पण सगळ्या मोजण्या एकमेकींशी जुळत नाहीत, आणि आजारी मेंदूतच धातू नंतर शिरला असण्याची शक्यता उरतेच. तरीही मूत्रपिंडाच्या रुग्णांनी अल्युमिनियम असलेली अँटासिडे डॉक्टरांना विचारल्याशिवाय घेऊ नयेत, आणि चिंच-टोमॅटोचे आंबट पदार्थ अल्युमिनियमच्या भांड्यात साठवू नयेत, एवढी काळजी रास्त आहे.

भांड्यांच्या या चर्चेत विल्सन रोग मागे पडतो, याचे मला वाईट वाटते. त्यात आहार चारचौघांसारखाच असतो, पण एटीपी७बी जनुकातल्या दोषाने तांबे यकृतात आणि मग मेंदूत साचते. हात थरथरतात, अक्षर बिघडते, बुबुळाच्या कडेला तपकिरी-हिरवट कडे उमटते. वेळेवर निदान झाले तर पेनिसिलामाइन किंवा जस्ताच्या औषधांनी तो आटोक्यात राहतो. एका मुलाला तो निघाला तर प्रत्येक सख्ख्या भावंडाला तो असण्याची शक्यता चारात एक असते. त्यांची तपासणी लक्षणांची वाट न पाहता, त्याच आठवड्यात करून घ्यावी.