पांढरा भात आणि हरवलेले जीवनसत्त्व

घरी पाहुणे यावयाचे असले म्हणजे गृहिणी सर्वांत पांढरा तांदूळ शिजवावयास घेते. शुभ्र भात हे सुबत्तेचे लक्षण मानले जाते. परंतु या शुभ्रतेपायी एके काळी पूर्वेकडील देशांत असंख्य माणसे प्राणास मुकली. ती हकिकत भात खाणाऱ्या प्रत्येक कुटुंबाने जाणून घ्यावी, असे आम्हांस वाटते.

जावा बेटावर डचांचा अंमल असताना तेथील सैनिकांना व कैद्यांना बेरीबेरी हा रोग ग्रासीत असे. पाय बधिर होत, अंगावर सूज येई आणि अखेर हृदय थकून रोगी दगावे. रोगाचे कारण एखादा जंतू असावा, अशी समजूत होती. डॉ. क्रिस्तियान आइकमान त्या जंतूच्या शोधात असताना, सुमारे १८९० साली, त्यांच्या प्रयोगशाळेतील कोंबड्यांनाच तसा विकार जडला व काही महिन्यांनी तो आपोआप नाहीसा झाला. चौकशीअंती उलगडा झाला. कोंबड्यांना लष्करी रुग्णालयातील उरलेला पांढरा भात घातला जात होता. नव्या आचाऱ्याने तो देण्याचे नाकारले. तेव्हा त्यांना कोंड्यासह तांदूळ मिळू लागला आणि त्या बऱ्या झाल्या!

पांढऱ्या तांदळात काही विष असावे, असे आइकमान यांना वाटले. १९०१ साली ग्राइन्स यांनी दाखविले की, दोष विषाचा नसून उणिवेचा आहे. कोंड्याबरोबर एक अत्यावश्यक द्रव्य निघून जाते. १९२६ साली यान्सेन व डोनाथ यांनी ते द्रव्य जावातच कोंड्यातून वेगळे काढले. तेच 'ब-१' जीवनसत्त्व, अर्थात थायामिन. १९२९ साली आइकमान यांना नोबेल पारितोषिकाचा मान मिळाला.

भात-भाकरीतून शक्ती निर्माण करण्यास शरीराला थायामिन लागते; मज्जातंतू व हृदय त्यावाचून दुबळे होतात. रोजची गरज एक-दीड मिलिग्रॅमच असते; पण शरीरात त्याचा साठा दोन-तीन आठवड्यांपुरताच राहतो. मद्याच्या अतिसेवनानेही त्याचा ऱ्हास होतो.

आता आपल्या चुलीकडे वळू. गोव्यात व कोकणात चालत आलेला उकडा तांदूळ कित्येकांना गावंढळ वाटतो. वास्तविक भात भिजवून उकडताना कोंड्यातील थायामिन दाण्याच्या आत उतरते व पुढे गिरणीत सडल्यावरही बरेचसे टिकून राहते. हे सत्त्व पाण्यात विरघळणारे आहे. म्हणून तांदूळ फार वेळा चोळून धुऊ नये. भात वेळून पाणी फेकून देण्यापेक्षा ते पेजेबरोबर प्यावे. डाळी, कडधान्ये, शेंगदाणे व डुकराचे मांस यांतूनही थायामिन मिळते.

मात्र हातापायांत सतत मुंग्या येत असतील वा सूज असेल, तर घरगुती उपायांवर विसंबून न राहता डॉक्टरांस दाखवावे.

पाहुण्यांसाठी पांढरा भात खुशाल करावा. परंतु मुलांच्या रोजच्या ताटातून उकड्या तांदळाची पेज नाहीशी होऊ देऊ नये.