जुना लॅपटॉप, नवे लिनक्स आणि रखडलेले काम



आपल्यापैकी अनेकांच्या घरी मुलांनी वापरून कपाटात ठेवलेला एखादा जुना लॅपटॉप असतो. विंडोज १० ची नियमित देखभाल १४ ऑक्टोबर २०२५ रोजी थांबली, आणि विंडोज ११ अशा जुन्या यंत्रावर बहुधा चढत नाही. मग कोणी तरी सुचवतं, "लिनक्स टाका, फुकट आहे." सल्ला चांगला आहे. लायनस टोरवाल्ड्स या हेलसिंकीच्या विद्यार्थ्याने १९९१ साली सुरू केलेली ही प्रणाली आज जगभर चालते. पण पेन ड्राइव्ह लावून तीन तास झाले तरी पडद्यावरची पट्टी हलत नाही, आणि घरात निकाल लागतो की, डबडं मोडीत घाला, नवा आणा. ऐन लागणीच्या दिवसांत हा खर्च कुणाला परवडतो? म्हणून आमचं सांगणं एवढंच, की निकाल देण्याआधी काम नेमकं कुठं अडलं ते शोधावं.

कारखान्याचं गाळप मंदावलं की आपण एकदम मिलला दोष देत नाही. ऊस वेळेवर आला का, गव्हाणीत नीट पडतो का, बॉयलरची वाफ पुरते का, पॅनवर रस तुंबला का, असं एकेक पाहतो. लॅपटॉपचंही तसंच आहे.

येडशीच्या जुन्या मंडळींना बार्शी लाइट रेल्वे आठवत असेल. तिचे रूळ अडीच फुटांचे. मोठ्या लायनीवरून आलेला माल कुर्डुवाडीला उतरवून छोट्या डब्यांत भरावा लागे. मोठी गाडी कितीही वेगात येवो, पुढची चाल छोट्या लायनीचीच! लॅपटॉपमध्येही पेन ड्राइव्ह, रॅम, हार्ड डिस्क, इंटरनेट यांपैकी जे सर्वांत मंद, त्याच्याच चालीने सगळं काम चालतं.

आता थोडा हिशेब करू. लिनक्सची फाइल साधारण ३ गिगाबाइटची धरा. साधा पेन ड्राइव्ह सेकंदाला २० मेगाबाइट वाचत असेल, तर सगळी फाइल वाचायला अडीच मिनिटं लागतात. बाकीची मांडामांड धरून जुन्या यंत्रावर अर्धा-पाऊण तास ठीक. तीन तास लागत असतील तर कुठं तरी बिघाड आहे, असं खुशाल समजावं. तो असा शोधावा :

पहिली गोष्ट, कागदपत्रं. संपूर्ण डिस्कवर लिनक्स बसवताना जुनं सगळं पुसलं जातं. सात-बाराच्या प्रती, फोटो, हिशेब आधी दुसरीकडे उतरवून घ्या. जुन्या लॅपटॉपची बॅटरी बहुधा मेलेली असते. मध्येच वीज गेली तर काम अर्धवट राहतं, म्हणून इन्व्हर्टरची सोय असलेली बरी.

दुसरी गोष्ट, पेन ड्राइव्ह. उतरवलेली फाइल अर्धवट वा खराब असू शकते. तिच्यासोबत 'चेकसम' नावाचा लांबलचक आकडा दिलेला असतो, तो जुळतो का पाहा. जुळला तरी काम अडत असेल तर दुसरा पेन ड्राइव्ह, दुसरं भोक वापरून बघा. निळ्या जिभेचं भोक बहुधा वेगवान असतं.

तिसरी गोष्ट, रॅम. रॅम म्हणजे आपलं यार्ड. यार्ड भरलं की गाड्या रस्त्यावर उभ्या राहतात. रॅम भरली की यंत्र मंद डिस्कवर ओझं टाकू लागतं आणि सगळं ठप्प होतं. २ गिगाबाइट रॅम असेल तर भारी सजावटीचं लिनक्स घेऊ नका. लिनक्स मिंटची 'एक्सएफसीई' आवृत्ती किंवा लुबुंटू ही हलकी आहेत. मिंटला किमान २ आणि सोयीने चालायला ४ गिगाबाइट रॅम लागते. काम चालू असताना ब्राउझर उघडून बसू नये.

चौथी गोष्ट, इंटरनेट. बसवतानाच 'अपडेट उतरवा' अशी खूण असते. मोबाईलच्या हॉटस्पॉटवर ती केली की पट्टी तासन्‌तास अडते आणि दोष यंत्रावर येतो. खूण काढा, नेट बंद ठेवा. अपडेट मागाहून सावकाश घ्यावेत.

पाचवी गोष्ट, उष्णता. पंख्याच्या जाळीत धूळ साचली की प्रोसेसर तापतो आणि जळू नये म्हणून आपणहून चाल कमी करतो. जाळी साफ करा. लॅपटॉप गादीवर नको, टेबलावर ठेवा.

सहावी आणि सर्वांत महत्त्वाची, हार्ड डिस्क. पेन ड्राइव्हवरूनच लिनक्स न बसवता चालवून पाहता येतं. त्यातल्या 'डिस्क्स' या प्रोग्रॅममध्ये 'स्मार्ट' तपासणी असते. खराब जागांचा आकडा वाढतोय, किंवा डिस्क कट-कट वाजतेय, तर तिथंच थांबा. मरणाऱ्या डिस्कवर पुन्हा पुन्हा बसवत राहिलं, तर आतली कागदपत्रंही हाताची जातात. तिच्या जागी एसएसडी घातली की जुनं यंत्रही चांगलं पळू लागतं, आणि हा खर्च नव्या लॅपटॉपपेक्षा कितीतरी कमी असतो.

एका वेळी एकच बदल करा व परत बघा. चार गोष्टी एकदम बदलल्या तर गुण कशाचा आला ते कळत नाही. खताचंही तसंच नाही का?

मराठीची काळजी नको. रेड हॅट कंपनीने खुले केलेले 'लोहित' फॉन्ट लिनक्समध्ये मिळतात, आणि सी-डॅकने 'बॉस' ही भारतीय लिनक्सही काढलेली आहे. मात्र एक सावधगिरी बाळगा. हिशेबाचं किंवा डिजिटल सहीचं एखादं काम फक्त विंडोजवरच चालत असेल, तर ते आधी विचारून घ्या. तसं असेल तर त्या यंत्राला हात लावू नये.

सारं तपासूनही यंत्र हललं नाही, तर नवं घ्यायला आमची ना नाही. पण बैल बसला तर आधी खूर बघतात, बाजाराची वाट धरत नाहीत. सभासदांनी आपल्या मुला-मुलींना सोबत घेऊन एवढी तपासणी घरीच करून पाहावी, ही विनंती.