शिक्षेबरोबर सुटकेची वाटही

बंद पडलेल्या गिरणीच्या मोकळ्या आवारात शिरून गांजा ओढणारा विद्यार्थी एकाच वेळी दोन कायद्यांच्या कचाट्यात सापडू शकतो. १९८५ च्या अमली पदार्थविरोधी कायद्याखाली एक किलोहून कमी गांजा हे 'अल्प प्रमाण' होय. तरीही तो बाळगल्यास एक वर्षापर्यंत सक्तमजुरी, दहा हजार रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही शिक्षा होऊ शकतात. गुन्ह्याच्या हेतूने परक्या जागेत शिरणे हे फौजदारीपात्र अतिक्रमण. १ जुलै २०२४ पासून अमलात आलेल्या भारतीय न्याय संहितेत त्यास तीन महिन्यांपर्यंत कैद, पाच हजारांपर्यंत दंड किंवा दोन्ही आहेत.

आपली चर्चा बहुधा येथेच थांबते. वस्तुतः अमली पदार्थांच्या याच कायद्याचे कलम ६४-अ सांगते की, अल्प प्रमाणाच्या गुन्ह्यातील व्यसनाधीन व्यक्ती स्वेच्छेने सरकारी वा मान्यताप्राप्त संस्थेत उपचार घेत असेल, तर तिच्यावर त्या गुन्ह्याचा खटला चालू नये. उपचार अर्धवट सोडल्यास मात्र हे संरक्षण जाऊ शकते. अतिक्रमणाचा आरोपही वेगळा उरतो. दोषी ठरलेल्या व्यसनाधीनास उपचारासाठी मुक्त करण्याचा अधिकार कलम ३९ न्यायालयास देते.

ही तरतूद पालक व शिक्षक यांना ठाऊकच नसेल, तर तिचा उपयोग काय? मुलांना तुरुंगाचे भय दाखविणाऱ्यांनी रुग्णालयाचे दारही दाखविले पाहिजे.