माटुंगा : चाळ सोडून फ्लॅटमध्ये गेलेली मुंबई

माटुंग्यात रस्त्यांच्या पाट्या वाचत चाललं की एकोणिसाव्या शतकातल्या विद्वानांच्या बैठकीत शिरल्यासारखं वाटतं. भाऊ दाजी, तेलंग, भांडारकर, चंदावरकर, सगळे हजर. खिडक्यांतून मात्र तमिळ ऐकू येते, पुढच्या वळणावर कच्छी आणि गुजराती, मग कन्नड, कोंकणी. चार पावलं दादरच्या बाजूला सरकलं की पारशी कॉलनी लागते आणि तिच्याही पलीकडे हिंदू कॉलनीतलं मराठी.

आज राहुरी, श्रीरामपूरच काय, कुठल्याही तालुक्याच्या गावी ‘टू बीएचके’च्या पाट्या दिसतात. घर म्हणजे फ्लॅट हे आपण गृहीत धरून बसलो आहोत. पण मध्यमवर्गानं मोहल्ल्याच्या मोहल्ल्यानं फ्लॅटमध्ये राहायला शिकावं, असं मुंबईत जिथे घडलं त्यातली एक ठळक जागा म्हणजे दादर-माटुंग्याचा हा पट्टा.

त्याचं कारण प्लेग. १८९६ साली मांडवी भागात साथ उघडकीस आली आणि दाटीवाटीच्या, हवा-उजेड नसलेल्या वस्त्यांवर सरकारचं लक्ष गेलं. १८९८ मध्ये ‘बॉम्बे इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट’ स्थापन झाला. ट्रस्टनं दोन कामं एकदमच हातात घेतली. जुन्या शहरात घरं पाडून प्रिन्सेस स्ट्रीट, सँडहर्स्ट रोडसारखे रुंद रस्ते काढायचे आणि उत्तरेला शेतं, भाताची खाचरं, दलदल असलेली जमीन ताब्यात घेऊन नवी उपनगरं आखायची. दादर, माटुंगा, वडाळा, शीव या योजना त्यातल्याच. भूसंपादनाचे खटले, भराव आणि पहिलं महायुद्ध यांत दोन दशकं गेली. वस्ती खऱ्या अर्थानं वाढली ती १९२० आणि ३० च्या दशकांत. ट्रस्ट स्वतः १९३३ मध्ये महापालिकेत विलीन झाला, तोवर रस्ते, झाडं आणि ‘पाच बागा’ जागेवर आल्या होत्या.

भूखंड दीर्घ मुदतीच्या भाडेपट्ट्यानं दिले गेले. किती जागा मोकळी सोडायची, किती मजले चढवायचे याचे नियम होते. मुळात कल्पना होती बागेतल्या बंगल्यांची. तो खर्च परवडणारी माणसं पुरेशी नव्हती, म्हणून तळमजला आणि वर दोन-तीन मजले अशा इमारती उभ्या राहिल्या. प्रत्येक मजल्यावर दोन-तीन बिऱ्हाडं आणि प्रत्येक बिऱ्हाडाला स्वतःचं दार. आपली मागची पिढी ज्याला ‘ब्लॉक’ म्हणायची, तो हाच.

स्वतःच्या दारापेक्षाही मोठी गोष्ट दाराच्या आत होती. चाळीत संडास गॅलरीच्या टोकाला, सगळ्यांना मिळून. इथे तो बिऱ्हाडाच्या आत आला, स्वयंपाकघरापासून काही पावलांवर. सोवळंओवळं काटेकोर पाळणाऱ्या घरांना हे पचायला जड होतं. मुंबईच्या फ्लॅटजीवनाचा इतिहास लिहिणारे निखिल राव यांनी या अडचणीकडे नेमकं बोट ठेवलं आहे. आपल्याकडे देवळाली प्रवरासारख्या कालव्याकाठच्या गावातही संडास परसात किंवा शेताच्या बांधालाच, ‘घरात कसला संडास?’ म्हणणाऱ्या आज्या फार जुन्या नव्हेत. माटुंग्यातल्या तमिळ ब्राह्मण कुटुंबांनी हा प्रश्न आपल्याआधी पन्नास-साठ वर्षं सोडवला. भिंत, फ्लश आणि थोडी डोळेझाक, इतकं त्यांना पुरलं.

ही कुटुंबं आली कुठून? मद्रास इलाख्यातून. इंग्रजी, टंकलेखन, लघुलेखन येणारे तरुण सरकारी कचेऱ्यांत, रेल्वेत आणि खासगी कंपन्यांत कारकून म्हणून लागले. आधी एकटे यायचे, चार-पाच जण मिळून जागा घ्यायचे आणि पोटाची सोय खाणावळीत लावायचे. माटुंग्याच्या उडुपी हॉटेलांची मुळं या एकट्या कारकुनाच्या भुकेत आहेत. रामाश्रय १९३९ चं, रामा नायकांचं उडुपी श्रीकृष्ण बोर्डिंग १९४२ चं. मग संसार आले आणि संस्थाही उभ्या राहिल्या. १९२६ मध्ये म्हैसूर असोसिएशन, १९३२ मध्ये साउथ इंडियन एज्युकेशन सोसायटी, १९५२ मध्ये षण्मुखानंद सभा आणि १९६३ मध्ये तिचं अडीच हजारांहून अधिक आसनांचं सभागृह. गावी असताना जे एकमेकांच्या पंक्तीला बसले नसते, ते इथे ‘दक्षिण भारतीय’ या एका नावाखाली आले.

तिकडे मंचेरजी जोशी या पारशी अभियंत्यानं ट्रस्टकडून आपल्या समाजासाठी शंभराहून अधिक भूखंड राखून घेतले आणि दादर पारशी कॉलनी वसवली. पाच बागांना आज त्यांचंच नाव आहे. आणि परळला ट्रस्टच्याच चाळीत दोन खोल्यांत वर्षानुवर्षं काढलेले डॉ. बाबासाहेब आंबेडकर १९३० च्या दशकात हिंदू कॉलनीत स्वतः बांधलेल्या ‘राजगृहा’त आले. ती वास्तू बांधताना त्यांनी सगळ्यात जास्त विचार पुस्तकांच्या जागेचा केला होता.

माटुंग्याला ‘छोटा भारत’ म्हणायची पद्धत आहे. मला ते अर्धंच पटतं. विविधता इथे गल्लीगणिक आहे, जिन्यागणिक नाही. आपल्या माणसांची इमारत, आपल्या माणसांची सोसायटी ही ओढ मुंबईत फ्लॅटइतकीच जुनी. गावदेवीची सारस्वत सहकारी गृहनिर्माण संस्था १९१५ चीच. पुढे २००५ मध्ये अहमदाबादच्या एका पारशी सोसायटीच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयानं सदस्यत्व एका समाजापुरतं ठेवणारा उपविधी वैध ठरवला. म्हणजे हा प्रश्न अजून जिवंत आहे. जागा शोधताना ‘तुम्ही नॉनव्हेज खाता का?’ हे विचारलं गेलेलं नाही असा मराठी भाडेकरू मुंबईत विरळा.

तरी माटुंगा एकजीव वाटतो, आणि त्याचं श्रेय फ्लॅटला नाही, फुटपाथला आहे. बाजारात मोगऱ्याच्या वेण्या, केळीची पानं, कढीपत्ता, ताजी दळलेली फिल्टर कॉफी. हे सगळं घ्यायला गुजराती बाईही येते आणि मराठीही. घर आपल्या जातीचं, पण कॉफी सगळ्यांची, असा हा न बोललेला करार. रुईया, पोदार, खालसा आणि व्हीजेटीआयची पोरं गेली ऐंशी-नव्वद वर्षं त्यावर शिक्का मारत आली आहेत.

आता हा करार धोक्यात आहे. १९४७ च्या भाडेनियंत्रण कायद्यानं भाडी गोठली, मालकांना दुरुस्ती परवडेना, इमारती खंगल्या. १९६३ च्या फ्लॅटविक्रीच्या कायद्यानंतर मालकीच्या फ्लॅटचा काळ आला आणि जुन्या पागडीच्या इमारतींच्या जागी मनोरे उठू लागले. भाडेकरूला लिफ्ट आणि मालकी हक्क मिळतो, त्याला नावं ठेवण्याचा अधिकार बाहेरच्या माणसाला नाही. पण नव्या मनोऱ्याचे खालचे मजले गाड्यांसाठी, बाग पोडियमवर, व्यायामशाळा आत. रस्त्याला लागून ओटा नाही, दुकान नाही. आधी निदान फाटकाबाहेर पडल्यावर भेट व्हायची.

जायचं असेल तर मध्य रेल्वेच्या माटुंगा स्थानकावर उतरा. पश्चिम रेल्वेचं माटुंगा रोड वेगळं. जुलै २०१७ पासून मध्य रेल्वेच्या माटुंगा स्थानकाचा सगळा कारभार महिला कर्मचारी पाहतात. पूर्वेला बाहेर पडलं की बाजार, तिथून एका बाजूला किंग्ज सर्कल आणि दुसऱ्या बाजूला पाच बागा, सगळं पायी होतं. जुन्या इमारतींचे गोलाकार सज्जे, जिन्याच्या उभ्या खिडक्या, दारावरची सिमेंटमधली नावं बघायची तर मान वर करून चालावं लागेल. जेवण रामा नायकांकडे. केळीच्या पानावर हवं असेल तर थाळीपेक्षा थोडे जास्त पैसे पडतात.