अक्षीचा दगड आणि एक जूनचे आजोबा

अलिबागेहून रेवदंड्याच्या रस्त्याला लागले की नारळी-पोफळीच्या वाड्यांतून जाता जाता थोड्याच वेळात अक्षी हे गाव येते; आणि समुद्रस्नानाच्या ओढीने नागावकडे धावणाऱ्या शनिवार-रविवारच्या मोटारींपैकी फारच थोड्या ज्याच्यापाशी थांबतात, असा एक कोरीव दगड या गावात आहे. पुष्कळ वर्षे तो रस्त्याच्या कडेला उन्हापावसात उपेक्षित होता. वर सूर्य आणि चंद्र, खाली देवनागरीतल्या नऊ ओळी, एवढाच त्याचा ऐवज. परंतु डॉ. शं. गो. तुळपुळे यांनी ‘प्राचीन मराठी कोरीव लेख’ या आपल्या १९६३ सालच्या ग्रंथात त्याचा काल शके ९३४, म्हणजे इसवी सन १०१२, असा वाचला आहे, आणि हे वाचन ग्राह्य धरले तर मराठीतील आज उपलब्ध असलेल्या कालनिर्दिष्ट लेखांत पहिला मान या दगडाकडे जातो. पश्चिम समुद्राचा अधिपती आणि कोकणचा चक्रवर्ती अशी बिरुदे मिरवणारा शिलाहार राजा केशिदेवराय, त्याचा प्रधान भइर्जु सेणुई, आणि महालक्ष्मीच्या बोडणासाठी नेमून दिलेले नऊ कुवली धान्य, असा या लेखाचा अर्थ सामान्यतः लावला जातो.

आता या दगडापासून हाकेच्या अंतरावरच्या शाळेत सातवीचा वर्ग भरला आहे अशी कल्पना करा. पाठ्यपुस्तकाचा पहिलाच पाठ ‘इतिहासाची साधने’ हा आहे. साधने तीन प्रकारची, भौतिक, लिखित आणि मौखिक, हे मुले एका दमात म्हणून दाखवतात. ‘शिलालेख’ या शब्दाखाली रेघ मारतात. परीक्षेत रिकामी जागा अचूक भरतात आणि दोन गुण पदरात पाडून घेतात. शिलालेख म्हणजे काय हे त्यांना ठाऊक झालेले असते. तो वाचायचा कसा, त्याच्यावर विश्वास किती ठेवायचा आणि कोठे ठेवायचा नाही, हे मात्र कोणी विचारलेले नसते. पाठ्यपुस्तककारांना दोष देण्याचा माझा हेतू नाही, कारण राज्यभरासाठी एकच पुस्तक लिहिणाऱ्याला प्रत्येक गावाचा दगड त्यात बसवता येणार नाही. ते काम त्या त्या गावच्या शिक्षकाचेच आहे.

मुलांना दगडापाशी न्यायचे तर सकाळी लवकर किंवा दिवस कलल्यावर न्यावे. सूर्य डोक्यावर असताना झिजलेली अक्षरे दिसत नाहीत; प्रकाश तिरका पडला की खोबणीत सावली धरते आणि जेथे काहीच नव्हते तेथे एक वेलांटी हळूच वर येते. अक्षरे उठावीत म्हणून त्यांवर खडू, हळद किंवा रांगोळी चोळण्याची चाल आपल्याकडे फार आहे. ती घातक आहे, आणि तिच्यापेक्षा बाजूने धरलेली विजेरी कितीतरी उपयोगी पडते. पहिल्या दिवशी अर्थ सांगूच नये. जे दिसेल ते जसेच्या तसे वहीत उतरवावे, अक्षर लागत नसेल तेथे जागा मोकळी सोडावी, आणि दोघांच्या वह्यांत भेद पडला तर तो शिक्षकांनी मिटवू नये. तज्ज्ञांचे वाचन त्यांच्या हाती दुसऱ्या दिवशी द्यावे.

मग खरी मौज सुरू होते. ‘बोडण’ हा शब्द पुस्तकात शोधण्याची गरज नाही. कोकणातल्या पुष्कळ घरांत देवीपुढे दूध-दही एकत्र कालवून बोडण भरण्याचा कुळाचार आजही चालतो, आणि वर्गातल्या एखाद्या मुलीची आजी त्याचा विधी बारीकसारीक तपशिलासह सांगू शकते. हजार वर्षांपूर्वीचा दगड आणि स्वयंपाकघरातली आजी यांची अशी रुजवात पडली म्हणजे लिखित आणि मौखिक साधने या दोन निरनिराळ्या खणांत ठेवण्याच्या वस्तू नव्हेत, हे वेगळे सांगावे लागत नाही. ‘कुवली’ हे माप मात्र आजीला सांगता येणार नाही. पायली, अधोली, मण, खंडी तिला ठाऊक, कुवली नाही. हा नकारसुद्धा वहीत टिपून ठेवण्याजोगा आहे.

त्याहून मोठी गोष्ट गणिताच्या तासाला करता येते. लेखात शकाच्या आकड्याबरोबर संवत्सराचे नाव आले आहे, ‘प्रधावी’. म्हणजे साठ संवत्सरांच्या चक्रातला परिधावी, असे मानतात. आपल्याकडच्या पंचांगांची रीत अशी, की शकाच्या आकड्यात १२ मिळवून ६० ने भागावे आणि बाकी उरेल तितक्या क्रमांकाचा संवत्सर, प्रभवापासून मोजत, घ्यावा. ९३४ मध्ये १२ मिळवले की ९४६. त्याला ६० ने भागले की बाकी उरते ४६. आणि घरच्या पंचांगातली यादी उघडून सेहेचाळिसावे नाव पाहावे, तर ते परिधावी! सहावी-सातवीच्या मुलाला भागाकार येतो. त्याच्या जोरावर एका मोठ्या पंडिताचे वाचन त्याने स्वतः पडताळून पाहिलेले असते.

परंतु शहाण्या शिक्षकाने एवढ्यावर टाळ्या घेऊन थांबू नये. उत्तर कोकणच्या शिलाहार घराण्यात केशिदेव नावाचे राजे दोन होऊन गेले. दुसरा तेराव्या शतकाच्या पूर्वार्धात राज्य करीत होता, आणि काही अभ्यासकांनी अक्षीचा लेख त्याच्याकडे, म्हणजे सुमारे दोनशे वर्षे अलीकडे, नेला आहे. संवत्सराचे गणित पहिल्या मताच्या बाजूने साक्ष देते खरे. पण दगडावरचा झिजका शब्द ‘प्रधावी’ असा आहे आणि तो परिधावीच होय, हे म्हणणेही अखेर एक वाचनच आहे. पहिलेपणाचा मान सोलापूर जिल्ह्यातल्या हत्तरसंग कुडल येथील शके ९४० च्या लेखाला देणारेही आहेत. ही सारी भवति न भवति बारा-तेरा वर्षांच्या मुलांपुढे मांडावी काय, असा प्रश्न मला विचारण्यात आला आहे. माझे मत असे, की हीच मांडावी. मराठीचा पहिला लेख आमच्या तालुक्यात आहे हा अभिमान मुलांना आपोआपच येतो, त्यासाठी शाळेची आवश्यकता नाही.

साधने पारखून घेण्याचा हा विचार या किनाऱ्याच्या जिल्ह्याला परका नाही. पेण तालुक्यातील वरसई हे विश्वनाथ काशीनाथ राजवाडे यांचे जन्मगाव. गावोगावची दप्तरे धुंडाळून, वाड्यांच्या माळ्यांवरून कागदांचे रुमाल खाली काढून त्यांनी १८९८ पासून ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’ खंडशः छापली आणि मागाहून रचलेल्या बखरीपेक्षा त्या त्या क्षणी लिहिलेल्या अस्सल पत्राचे मोल अधिक, हा दंडक महाराष्ट्राला घालून दिला. राजवाड्यांच्या मतांपैकी कित्येक आज कोणी स्वीकारणार नाही. त्यांची पायपीट मात्र स्वीकारावी. १९७२ साली इंग्लंडातही शाळांच्या इतिहासाचा एक नवा प्रकल्प सुरू झाला आणि मूळ साधने मुलांच्या हाती देण्याची पद्धत तेथे रूढ झाली. पुढे पुढे तिचेही कर्मकांड बनले: चार-चार ओळींचे उतारे छापायचे, त्यांना अ, ब, क अशी नावे द्यायची, आणि मुलांनी यांत्रिकपणे ‘हा लेखक पक्षपाती आहे’ असे लिहायचे. तिथल्या शिक्षकांनीच या प्रकाराची पुढे यथेच्छ टवाळी केली. आपण नवे काही उचलताना ही अडगळही उचलू नये म्हणून हे सांगितले.

पुराव्याची छाननी हे केवळ विद्वानांचे व्यसन नव्हे, हे महाडच्या उदाहरणाइतके स्पष्ट दुसरे कशाने होणार? २० मार्च १९२७ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनी चवदार तळ्याचे पाणी प्राशन केले, हे प्रत्येक पुस्तकात आहे. पण १९२४ साली महाडच्या नगरपालिकेने तळे सर्वांस खुले असल्याचा ठराव केला होता, सत्याग्रहानंतर तळे खासगी मालकीचे असून अस्पृश्यांना मज्जाव करण्याची वहिवाट प्राचीन आहे असा दावा दिवाणी न्यायालयात दाखल झाला, आणि तो लढा चालत चालत १७ मार्च १९३७ रोजी मुंबईच्या उच्च न्यायालयात संपला, ही दहा वर्षांची कागदोपत्री हकीकत वर्गात क्वचितच पोहोचते. अनादि कालापासूनची म्हणून सांगितलेली ती वहिवाट अनादि असल्याचे सिद्ध झाले नाही, असा निर्णय झाला. निकाल देणाऱ्यांत ब्रूमफील्ड होते. १९२२ साली अहमदाबादेस गांधीजींना सहा वर्षांची शिक्षा सुनावणारे तेच. ‘पूर्वापार चालत आले आहे’ असे कोणी म्हणाले की ‘कोणत्या सालापासून, आणि कागद कोठे आहे?’ असे विचारण्याचा धडा या निकालपत्रात आहे. नगरपालिकेचा ठराव, दाव्याची फर्याद आणि निकाल हे तिन्ही शेजारी ठेवून नववी-दहावीच्या मुलांना वाचायला द्यावेत.

आणि गावात ना शिलालेख, ना सत्याग्रह, असे असेल तर? तर मुख्याध्यापकांच्या कपाटात शाळेचे जनरल रजिस्टर आहेच. लाल कापडी बांधणीचे, कडा कुरतडलेले ते पुस्तक एरवी दाखल्यापुरते उघडते. २०२३ साली कुणबी नोंदींचा शोध सुरू झाला, तेव्हा अशा रजिस्टरांची आणि मोडी जाणणाऱ्यांची किंमत सरकारी कचेऱ्यांना एकाएकी कळली. इतिहासाच्या शिक्षकांना ती आधीच कळायला हवी होती. अर्थात त्यात नावे आहेत, जाती आहेत, कोणाच्या वर्तणुकीवरचे शेरे आहेत. म्हणून मूळ पुस्तक मुलांच्या हाती मुळीच देऊ नये. नाव आणि जात हे रकाने झाकून पन्नास वर्षांपूर्वीच्या दोन-तीन पानांची छायाचित्रे घ्यावीत आणि उरलेले रकाने वाचायला द्यावेत.

पाने वाचू लागताच कोणी तरी विचारील, की इतक्या मुलांचा जन्म एकाच दिवशी कसा? कारण जन्मतारखेच्या रकान्यात पुन्हापुन्हा एक जून, एक जून असे लिहिलेले असते. शाळा जूनमध्ये उघडत. बापाला मुलाची तारीख सांगता येत नसे. गुरुजी मुलाची उंची पाहून वर्ष अजमावीत आणि पहिलीच्या वयात बसेल अशी जूनची पहिली तारीख घालून मोकळे होत. पुढे हीच तारीख नोकरीच्या पुस्तकात गेली, आणि म्हणूनच महाराष्ट्रात ३१ मे रोजी सरकारी कचेऱ्यांतून निवृत्तीच्या निरोपसमारंभांची एकच गर्दी उडते. कागद अस्सल आहे, शाई अस्सल आहे, सहीशिक्का अस्सल आहे, आणि त्यावरची तारीख मात्र खोटी आहे. तरीही ती लबाडी नव्हे. हे कोडे सोडवायला दिलेला वर्ग अर्धा तास गोंगाट करतो, आणि तो करू द्यावा.

त्या संध्याकाळी एखादा मुलगा घरी जाऊन आजोबांना विचारील, की तुमचा वाढदिवस कधी? आजोबा सवयीने एक जून म्हणतील. ओटीवर जाळे विणणारी आजोबांची थोरली बहीण तेवढ्यात मान वर करून म्हणेल, ‘काय तरी बोलतोस! तू नारळी पुनवेच्या दुसऱ्या दिवशी झालास. होड्या पाण्यात लोटल्या होत्या, आणि बाबा तुला बघायला तिसऱ्या दिवशी घरी आले.’ ते साल कोणते, हे तिला सांगता येत नाही. मुलगा वहीत दोन्ही नोंदी करतो, प्रत्येकीपुढे सांगणाऱ्याचे नाव लिहितो, आणि त्या सालची नारळी पौर्णिमा कोणत्या तारखेला पडली असेल हे पाहण्यासाठी जुनी पंचांगे कोणाकडे मिळतील याची चौकशी करीत बाहेर पडतो.